शिळं पाणी

आमच्या लग्नातलं पहिलं मोठं भांडण एका कळशीवरून झालं. लग्नाला आठ-दहा दिवस झाले असतील, सकाळी चहा ठेवायला म्हणून स्वयंपाकघरात गेलो तर बायको आदल्या दिवशी भरलेली कळशी सिंकमध्ये उपडी करत होती. प्यायचं पाणी. गाळलेलं, झाकलेलं, स्वच्छ. मी जवळजवळ ओरडलोच, अगं काय करतेस, ती दचकली आणि म्हणाली, अरे शिळं झालंय ना ते, ताजं भरतेय.

शिळं पाणी. भात शिळा होतो, भाकरी शिळी होते, हे माहीत होतं. पण आमच्या लातूरच्या घरात पाणी आठव्या दिवशी पण प्यायचे आणि त्याला नुसतं पाणीच म्हणायचे. मी तिला हे सांगायला गेलो, आवाज चढला, तिला वाटलं हा माणूस कळशीभर पाण्यावरून माझ्यावर खेकसतोय म्हणजे पुढं काय काय बघावं लागणार आहे, आणि ती रडली. चहा राहिलाच.

ती सांगलीची. कृष्णाकाठची. हे मुद्दाम सांगतोय कारण पुढं सगळं यावरच आहे.

माझा जन्म ८२चा. लातूर जिल्हा झाला तो पण ८२लाच, ऑगस्टमध्ये, त्यामुळं अण्णा गंमतीनं म्हणायचे की तू अन् जिल्हा एका वयाचे, बघू कोण आधी सुधारतंय. आमचं घर गंजगोलाईपासून चालत दहा मिनिटांवर, एका बोळात. गल्लीत बावीस घरं. नळ यायचा तीन दिवसाआड, उन्हाळ्यात आठ दिवसाआड, आणि तोही कधी येईल याचा नेम नाही. कधी रात्री अकराला, कधी पहाटे चारला. शाळेचं टाईमटेबल, आईचे उपास, पाहुण्यांचं येणं, न्हाणं धुणं, लग्नाच्या बोलण्या, सगळं नळावर. आमच्याकडं आलेल्या पाहुण्याला जेवून जा म्हणायच्या आधी आई मनात हिशोब करायची की आज नळाचा कितवा दिवस आहे. दुसरा असेल तर आग्रह जोरात, सहावा असेल तर "चहा तरी घ्या की".

आता नळ म्हणलं की पुण्यामुंबईच्या माणसाच्या डोळ्यासमोर बेसिनवरची तोटी येते. आमचा नळ खड्ड्यात होता. म्हणजे खरंच खड्डा. पाण्याला जोर एवढा कमी की तोटी जमिनीच्या वर असली तर पाणी चढायचंच नाही, मग लोक आपापल्या दारासमोर कमरेएवढा खड्डा खणून पाईप खालीच तोडायचे, पाणी तिथं करंगळीएवढ्या धारेनं पडायचं, आणि घरातलं सगळ्यात बारकं पोरगं खड्ड्यात उतरायचं. आमच्यात ते मी. खाली बसून तांब्यानं भरायचं आणि वर द्यायचं, वरून ताई घागरीत ओतणार, ताईकडून आई उचलणार, अण्णा हौदाजवळ. सगळी मिळून एक साखळी. घागरीच्या तोंडाला जुन्या धोतराचं चौपदरी फडकं बांधलेलं असायचं गाळायला. पहिलं पाणी गढूळ यायचं, ते वेगळ्या बादलीत, फेकायचं नाही, संडासला. मग जरा निवळ आलं की आधी माठ, मग रांजण, मग हौद, मग बादल्या, मग पातेली, मग कुकर, मग पुरणपोळीची परात. धार चालू असेतोवर घरात रिकामं भांडं राहिलं तर आईला ते भांडं आपल्याकडं बघतंय असं वाटायचं, हे तिचंच वाक्य आहे.

खड्ड्यातून दिसायचे फक्त पाय. मला गल्लीतल्या सगळ्या बायकांचे पाय ओळखू यायचे, भेगांवरून, जोडव्यांवरून. त्यांची भांडणं पण मी तिथूनच ऐकली. मधेच धार बारीक झाली की कुणीतरी ओरडणार, "मोटार लावली वाटतं कुणीतरी!" मग सगळ्या गल्लीला माहीत असायचं कुणी लावलीय ते, पण नाव कुणी घ्यायचं नाही, नाव न घेता शिव्या द्यायची एक कला होती आमच्या गल्लीत. दिवाळीला त्याच घरी फराळाचं ताट जायचं. जरा कमी लाडू घालून, पण जायचं.

सगळ्यात महत्त्वाचं काम मात्र नळ आलाय हे कळणं. रात्री झोपताना तोटी उघडी ठेवायची आणि खाली जर्मलचं पातेलं उपडं ठेवायचं. पाणी यायच्या आधी पाईपातून हवा येते. फुस्स, मग खर्रर्र, मग दोनचार उचक्या, मग पातेल्यावर टण्णकन पहिला थेंब. बाकी घरादाराला त्या टण्ण आवाजानं जाग यायची, मला मात्र फुस्सलाच यायची. अण्णांना याचं फार कौतुक होतं, पाहुण्यांना सांगायचे, आमच्या बारक्याला नळाचा वास येतो. मला शाळेत कधी बक्षीस मिळालं नाही पण हे कौतुक अजून आठवतं.

याच सवयीनं एक गोष्ट झाली. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून आम्ही पोरं उशिरा झोपलेलो. पहाटे चारला चारपाच मिनिटं कमी असताना खाली जमीन घुमल्यासारखा आवाज आला, भांडी वाजली, आईनं मला दंडाला धरून उठवलं आणि मी डोळे न उघडता कोपऱ्यातली घागर उचलली. मला वाटलं नळ आला. सगळे बाहेर पळाले आणि मी घागर घेऊन पळालो आणि खड्ड्याजवळ जाऊन उभा राहिलो. भूकंप झालाय हे मला गल्लीतल्या काकूंच्या रडण्यावरून कळलं. सकाळी किल्लारीची बातमी आली, मग सास्तूरची, मग आकडा वाढतच गेला, जवळपास दहा हजार माणसं गेली त्यात, लातूर-उस्मानाबादची ५२ गावं जुन्या जागेवरून उठली. आमच्या घराला नुसती एक चीर पडली होती. कितीतरी दिवस आम्ही अंगणात झोपायचो. त्या काळाबद्दल मला लिहिता येत नाही नीट, तो माझा मुद्दाही नाही, फक्त एवढंच की अकरा वर्षाच्या पोराला जमीन हलली तरी नळ आला असं वाटलं, इतकं ते अंगात गेलेलं होतं.

आणि आज मी त्रेचाळीस-चव्वेचाळीसचा आहे, पुण्यात सातव्या मजल्यावर राहतो, वर टाकी आहे, खाली टाकी आहे, कमी पडलं तर टँकर येतो, पैसे मेंटेनन्समध्ये जातात. तरी पहाटे सोसायटीची मोटार चालू झाली आणि पाईपात हवा अडकून ते फुस्स झालं की मी उठून बसतो. अजूनही. उठतो, बाथरूममध्ये जातो, बादली भरलेली आहे का बघतो, भरलेली असतेच कारण झोपताना मीच भरलेली असते, मग परत येऊन झोपतो. बायको आता काही म्हणत नाही. पूर्वी म्हणायची, कुणी हाक मारली का तुला?

तोटी पूर्ण सोडणं मला जमत नाही. हाटेलात शॉवरखाली उभं राहिलं की तीनचार मिनिटांनी कुणीतरी दार वाजवेल असं वाटत राहतं. ऑफिसच्या कामासाठी एकदा पंधरा दिवस जर्मनीला गेलो होतो, तिथं खोलीत बाथटब. सहकारी म्हणाला मस्त गरम पाण्यात पडून राहा, थकवा जातो. भरला मी, खरंच भरला, पण त्यात बसल्यावर डोक्यात हिशोब सुरू की हे किती घागरी झालं, आई यात किती दिवस काढेल, आणि मग मी उठलो आणि त्या पाण्यात माझे कपडे धुतले. शर्ट, पायमोजे, सगळं. तेवढ्यानं जरा बरं वाटलं. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नव्हतं, इथं पहिल्यांदा लिहितोय.

पाणी प्यायला दिलं कुणी तर मी वरूनच पितो, ओठ न लावता, कारण आमच्याकडं उरलेलं अर्धं पेलाभर पाणी परत तांब्यात जायचं. लोकांना वाटतं सोवळं आहे. सोवळं कसलं.

आईची गोष्ट वेगळीच आहे. ती निलंगा तालुक्यातली, बहात्तरच्या दुष्काळात ती नऊ-दहा वर्षांची. तिचे आईवडील रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला, आणि लेकरांना सुकडी मिळायची. रेशनला मिलो यायची, ती परदेशातली लाल ज्वारी, तिची भाकरी म्हणे थापताना फाटायची आणि खाताना चिकटायची. आईला पाण्याचं एवढं काही नाही बघा, म्हणजे काटकसर आहे, पण ती काटकसर शिकलेली आहे, लग्न करून लातूरला आल्यावर. तिची खरी भीती धान्य. घरात दोन माणसं आणि ज्वारी पाच पोती. मी म्हणतो आई किडे होतील, ती म्हणते होऊ दे, निवडायला येतात. जेवताना ताटाबाहेर पडलेलं शीत ती बोट ओलं करून उचलते, लग्नाच्या पंगतीत सुद्धा, मला लाज वाटायची लहानपणी. एकदा मी कॉलेजात असताना शहाणपणानं विचारलं, तुझ्यावेळी पाण्याचे पण हाल असतील की. ती म्हणाली, "न्हाई रे. बहात्तरला खायला नव्हतं, आडाला पाणी हुतं. आता खायला हाय तर पाणी न्हाई." हे वाक्य मराठवाड्यात शंभर म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकायला मिळेल, काही नवीन नाही, पण ती हे बोलताना पण हातानं सांडलेले ज्वारीचे दाणे गोळा करत होती, एकेक.

म्हणजे बघा, एकाच घरात, एकाच चुलीपुढं, आई धान्याला भ्यायची आणि मी पाण्याला. तिनं मला पाणी भरायला शिकवलं पण तिची भीती काय मला देता आली नाही तिला. मी ताटात टाकतो. मला त्याचं काही वाटत नाही हे मला माहीत आहे, आणि तिलाही माहीत आहे, आणि ती माझ्या ताटातलं उरलेलं अजून खाते.

बरं आता सांगली.

बायकोचं माहेर गावभागात. तिच्या लहानपणी पाणी म्हणजे नदी, घाट, पोहायला जाणं, उन्हाळ्यात सुद्धा कृष्णा. तोटी सोडली की पाणी, त्यात विचार करण्यासारखं काय आहे असं तिचं प्रामाणिक मत. मला सुरुवातीला वाटायचं हिला कशाचीच भीती नाही. मग आमच्या लग्नानंतरचा पहिला जुलै आला. पुण्यात जरा चार दिवस झड लागली आणि बाईसाहेब एका रात्री स्टुलावर चढून कपाटातल्या सगळ्या फायली, पासबुकं, मार्कशीटा, लग्नाचा अल्बम, गाद्या सुद्धा, माळ्यावर टाकायला लागल्या. मी म्हणलं अगं आपण सातव्या मजल्यावर आहोत. ती म्हणाली माहीत आहे मला. आणि टाकत राहिली.

२००५च्या पुरात तिच्या घरात पाणी आलं होतं, ती तेव्हा बारावीत. तिची दहावीची मार्कशीट, आज्जीचे फोटो, सगळं लगदा. भिंतीवर त्या पुराची रेघ अजून होती, मी पहिल्यांदा जावई म्हणून गेलो तेव्हा सासऱ्यांनी ती मला घर दाखवताना दाखवली, हे देवघर, हे माजघर, आणि ही पाच सालची रेघ, अशी. त्यांच्याकडं पावसाळ्यात सकाळी उठल्यावर एकमेकांना विचारतात आयर्विनला किती? म्हणजे आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे. आमच्याकडं विचारायचे धनेगावला किती? म्हणजे मांजरा धरणात किती उरलंय. दोन्ही घरात सकाळचा पेपर आकडा बघायलाच उघडायचे, फक्त आमच्याकडं आकडा वाढावा म्हणून देव पाण्यात आणि त्यांच्याकडं उतरावा म्हणून. देव पाण्यात हे मी सहज लिहून गेलो, पण आमच्याकडं देव पाण्यात ठेवायला पण पाणी मोजूनच घ्यायचे.

मग आलं २०१६. धनेगाव कोरडं ठाक. मार्चमध्ये लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती १४४ कलम लावलं, जमावबंदी, पाण्यासाठी. आई-अण्णांना म्हणलं पुण्याला या, अण्णा म्हणाले घर सोडलं तर टँकरचं पाणी कोण उतरवून घेणार? या प्रश्नाला उत्तर नाही. पाणी घ्यायला घरात थांबायचं आणि घरात थांबायला पाणी पाहिजे.

एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी निघालं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, एकेकीत ५० हजार लिटर, म्हणजे पाच लाख लिटर कृष्णेचं पाणी. १२ एप्रिलला पहाटे ती लातुरात आली. आम्ही दोघं पुण्यात टीव्हीसमोर. सासऱ्यांचा फोन आला, आवाजात एवढा उत्साह की जणू स्वतः टाक्या भरून दिल्यात, "बघा जावईबापू, आमच्या कृष्णेचं पाणी चाललंय तुमच्याकडं! आता काय काळजी करू नका!" आणि मी हो हो म्हणत होतो आणि मला एकदम रडायला आलं, सासऱ्यांसमोर, फोनवर का होईना. मला त्या गाडीचा रस्ता माहीत होता ना. लहानपणी तीच लाईन नॅरोगेज होती, बार्शी लाईट, लातूर-कुर्डुवाडी-पंढरपूर-मिरज. आज्जी मला आषाढीला त्या गाडीनं पंढरपूरला घेऊन जायची. ती इतकी हळू चालायची की खाली उतरून लघवी करून परत चढता येतं अशी चेष्टा होती, खरं खोटं पांडुरंगाला माहीत. आज्जी निघताना पितळेची फिरकीची कळशी भरून घ्यायची, घरच्या पाण्याची, आणि येताना त्याच कळशीत चंद्रभागेचं पाणी आणायची. ते तीर्थ म्हणून सगळ्यांना चमचा चमचा. त्या लाईनीवरून लातूरला पाणी आणणारी माझ्या माहितीतली पहिली बाई म्हणजे माझी आज्जी. नंतर पन्नास पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली, २५ लाख लिटर एका खेपेला, पाऊस पडून ऑगस्टमध्ये बंद होईपर्यंत.

अण्णांना विचारलं, कसं आहे हो कृष्णेचं पाणी? ते म्हणाले, टँकरमध्ये आल्यावर कुठल्या नदीचं ते कळतं का? पण आईनं एक तांब्या देवापुढं ठेवला होता.

आणि २०१९. ऑगस्ट. आयर्विनला ५७ फुटांच्या वर. सासूसासरे आधीच विश्रामबागला नातेवाईकांकडं गेले होते म्हणून माणसं सुखरूप, पण घर गेलं पाण्यात, पाच सालच्या रेघेच्या वर. बायको रात्रभर फोन हातात घेऊन बसलेली. मी तिच्याशेजारी बसलो होतो आणि खरं सांगू का, मला तिची भीती डोक्यानं कळत होती पण पोटात काही होत नव्हतं. एवढं पाणी म्हणजे वाईट, हे माझ्या आत कुठं नोंदलेलंच नाही. टीव्हीवर ते तपकिरी पाणी दिसायचं आणि माझ्या मनात एक सेकंद, फक्त एक सेकंद, यायचं, बापरे केवढं पाणी. कौतुकानं. मग लाज वाटायची. त्याच आठवड्यात आईचा फोन, लातूरला पावसानं ओढ दिलेली, आई म्हणाली, "तिकडं बुडूलाल्यात अन् हिकडं चिमणीला प्यायला न्हाई." ती सुनेशी बोलली तेव्हा मात्र फक्त म्हणाली, धान्य किती गेलं गं? आईला सुचलं ते धान्य.

पाणी उतरल्यावर, रस्ते सुरू झाल्यावर आम्ही गेलो. घरात घोट्याच्या वर गाळ, वास असा की चहा पिववेना. तांदूळ फुगून डबे फाटलेले. आणि गंमत म्हणजे, गंमत कसली, पण प्यायला पाणी नाही. नळ बंद. एवढा पूर येऊन गेला आणि गल्लीत लोक कळश्या घेऊन टँकरची वाट बघत उभे. सासू, मामेसासरे, सगळे भांबावलेले, कारण त्या लोकांना पाणी नसण्याची सवयच नाही. आलेला टँकर पाच मिनिटांत हाणामारीत संपला, निम्मं पाणी रस्त्यावर. घरात तेरा माणसं आणि आमच्या वाट्याला दोन घागरी आणि एक बादली.

तेव्हा मी पुढं झालो. आयुष्यात पहिल्यांदा सासुरवाडीत मी ऑर्डरी सोडल्या. एक घागर प्यायची, तिला फडकं बांधा, तिला आज कुणी हात लावायचा नाही, वाढणारा एकच माणूस. दुसरी स्वयंपाकाची, तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पाणी गाळ धुवायला, गाळ धुतलेलं संडासला. कापड ओलं करून अंग पुसायचं, अंघोळ नाही. तुरटी मागवली, बादलीतल्या पाण्यात तीनदा फिरवली, अर्ध्या तासात तळाला माती बसली आणि वरचं निवळ दिसायला लागलं, सासरे बघत बसले होते. म्हणाले, "लई बारकाईचं काम हाय की ओ तुमचं." दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या पोरांना रांगेत उभं करून टँकरचा पाईप धरायला मी होतो, पहिलं पाणी कुणाला, किती, सगळं. एक आजीबाई म्हणाल्या, कुठला हो तुम्ही? लातूरचा म्हणलं. म्हणाल्या, "अगंबाई, मग बरोबर."

बायको हे सगळं दारात उभी राहून बघत होती. चिखलानं भरलेली. रात्री परत निघताना गाडीत तिनं विचारलं, तू तांब्यानं मोजून पाणी ओतताना तुझा चेहरा कसा होता माहितीये का? कसा? म्हणाली, खूश होता तू. मी नाही म्हणलं. पण होतो मी. घर बुडालंय बायकोचं आणि मी खूश. त्याबद्दल मला अजूनही नीट काही म्हणता येत नाही. तिनंही तो विषय परत काढला नाही, पण त्यानंतर कळशी सिंकमध्ये ओतणं बंद झालं, झाडांना घालते आता. तरी "शिळं" म्हणतेच.

राहता राहिली लेक. नऊ वर्षांची. तिला पाणी कुठून येतं विचारलं तर म्हणते ग्रुपवर मेसेज येतो, टँकर इज हिअर. ती तोटी सोडून आरशात दात बघत गाणी म्हणते. मागच्या महिन्यात मी एकदा जोरात ओरडलो तिच्यावर, एवढा की स्वतःचाच आवाज मला अण्णांचा वाटला, ती घाबरली, तोटी बंद केली आणि पेस्टचा फेस तसाच तोंडात ठेवून उभी राहिली, चूळ भरायला पाणी मागायची पण हिंमत होईना. तो फेस हनुवटीवर आलेला. मी तांब्यानं पाणी दिलं तिला. तिनं घेतलं, पण माझ्याकडं न बघता. आता ती ब्रश करताना मी आत आलो की तोटी बंद करते आणि मी गेलो की सोडते, ऐकू येतं मला.

मी तिला खड्ड्याची गोष्ट सांगितलीय. तिला ती फार आवडते. तिला वाटतं ते स्विमिंग पूलसारखं काहीतरी होतं.

परवा रविवारी पावसाचा अंदाज होता म्हणून बायको स्टुलावर चढून फायली माळ्यावर टाकत होती, आणि सोसायटीच्या ग्रुपवर सोमवारी टाकी साफ करणार, पाणी बंद असा मेसेज म्हणून मी पिंप, बादल्या, कुकर, सगळं भरत होतो. लेक मधेच सोफ्यावर बसून आमच्याकडं आळीपाळीनं बघत होती. म्हणाली, बाबा, आपल्याकडं पाणी येणार आहे का जाणार आहे?

मी काही बोलणार तेवढ्यात बायको वरून म्हणाली, तो कुकर ठेव खाली आधी, आणि स्टूल धर.